विंडोज, मॅक आणि लिनक्स: एकाच नेटवर्कवर फाइल नेमकी कुठे अडते?

लहान ऑफिसात हल्ली सहज आढळणारी मांडणी अशी: हिशेबासाठी विंडोज ११, डिझाइनसाठी मॅक आणि सगळ्यांच्या फाइली ठेवायला एनएएस पेटी, जी आतून लिनक्सवर चालते. इंटरनेट तिन्हींवर व्यवस्थित चालतं, पण एकावरची फाइल दुसऱ्यावर उघडताना काहीतरी अडतं. मग घाईत फायरवॉल बंद होते, फोल्डर 'एव्हरीवन'साठी खुलं होतं, कुठेतरी वाचून फाइल देवाणघेवाणीची जुनी पद्धत, एसएमबी-१, पुन्हा चालू केली जाते. त्यातल्या एखाद्या उपायाने कामही होतं. पण कशाने झालं ते कळत नाही, आणि बाकीचे दोन उपाय संगणकाची सुरक्षा कमी करून तसेच राहतात.

तक्रार एकच वाटली तरी दुखणी चार आहेत. समोरचं यंत्र दिसत नाही. दिसतं पण आत घेत नाही. आत घेतं पण लिहू देत नाही. लिहू देतं पण फाइलचं नाव बिघडतं. यांची कारणं एकमेकांशी संबंधित नाहीत, म्हणून याच क्रमाने तपासत जायचं. पासवर्ड चुकत असताना फायरवॉलशी खेळण्यात अर्थ नाही.

आधी एक प्रोटोकॉल ठरवा

नेटवर्कवरून फाइल मागायची आणि द्यायची पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल, प्रत्येक कंपनीने आपापली बसवली. एसएमबीचा उगम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला आणि मायक्रोसॉफ्टने ते पुढे वाढवलं. युनिक्सवाल्यांसाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणलं. ॲपलचं एएफपी वेगळंच होतं. अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत असताना १९९१-९२ च्या सुमारास जे काम सुरू केलं, त्यातून सांबा हा प्रोग्रॅम उभा राहिला, आणि युनिक्स-लिनक्सच्या यंत्रांना एसएमबी बोलता येऊ लागलं. ॲपलनेही २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबी-२ ला पहिली पसंती दिली आणि २०२० च्या बिग सरमध्ये एएफपीने फोल्डर वाटण्याची सोय काढून टाकली.

आज तिन्ही प्रणालींना नीट येणारा प्रोटोकॉल एसएमबी हाच आहे, आवृत्ती २ किंवा ३. मिश्र ऑफिसात तोच एक ठेवावा. एनएफएस वेगवान आहे म्हणून ते मॅक आणि लिनक्समध्ये लावायचा मोह होतो, पण त्याच्या नेहमीच्या मांडणीत वापरकर्ता नावाने नाही, क्रमांकाने ओळखला जातो. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो आणि मॅकवर ५०१. नाव दोन्हीकडे एकच असलं तरी सर्व्हरच्या, म्हणजे फाइली वाटणाऱ्या यंत्राच्या, लेखी ही दोन वेगळी माणसं ठरतात, आणि फाइली भलत्याच मालकीच्या दिसतात.

एसएमबी-१ मात्र चालू करू नका, कोणीही सुचवलं तरी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीच्या विंडोजमधल्या त्रुटीतून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती, पण असंख्य यंत्रांवर ती चढवलेली नव्हती. त्या वर्षाच्या शेवटाकडे आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी-१ सहसा नसतंच, आणि सांबाने २०१९ च्या ४.११ आवृत्तीत ते मुळातच बंद ठेवलं. एखाद्या जुन्या राउटरच्या यूएसबी खाचेत लावलेली डिस्क फक्त एसएमबी-१ नेच मिळत असेल, तर ती डिस्क तिथून काढून दुसरीकडे लावणं हाच उपाय आहे.

यंत्र दिसतच नाही

विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीतली किंवा मॅकच्या फाइंडरमधली यादी हा पुरावा मानू नका. यादीत नाव येणं आणि फाइल मिळणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पूर्वी ही यादी एसएमबी-१ च्या जोडीने चालणाऱ्या जुन्या पद्धतीने तयार व्हायची, ती गेली. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने (यूडीपी पोर्ट ३७०२, पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक असलेलं दार) शोध घेतं आणि मॅक बॉन्जूरने (यूडीपी पोर्ट ५३५३). लिनक्सचं यंत्र विंडोजच्या यादीत यायला हवं असेल तर त्यावर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम चालू असावा लागतो आणि मॅकच्या यादीसाठी अवाही. दोन्ही नसले तरी फाइल मिळू शकते, फक्त पत्ता हाताने द्यावा लागतो.

म्हणून पहिली चाचणी थेट पत्त्याने करा. विंडोजवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून \\१९२.१६८.१.२० असा समोरच्याचा आयपी पत्ता टाका. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी://१९२.१६८.१.२० असा. अर्थात अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. फोल्डर उघडलं किंवा पासवर्ड विचारला, तर दुखणं फक्त यादीचं होतं. त्या यंत्राला राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर कायमचा पत्ता राखून द्या आणि दोन्हीकडे शॉर्टकट करून ठेवा.

पत्त्यानेही काही होत नसेल तर पोर्ट ४४५ तपासा. एसएमबी त्यावरूनच चालतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन या आदेशाला पत्ता आणि पोर्ट ४४५ द्या, मॅक-लिनक्सवर एनसी या आदेशाला. पिंगवर, म्हणजे यंत्र उत्तर देतं का हे बघणाऱ्या चाचणीवर, विसंबू नका: विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते, त्यामुळे उत्तर न येणं म्हणजे यंत्र बंद आहे असं नसतं, आणि उत्तर आलं तरी ४४५ उघडं आहे असंही नसतं.

४४५ बंद आढळलं तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं. विंडोजने त्या वाय-फायला 'पब्लिक' ठरवलं आहे. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करा. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू असेल तर सांबाला परवानगी द्यावी लागते, फेडोरावर फायरवॉलडीमध्ये सांबा ही सेवा जोडावी लागते. किंवा एक यंत्र 'गेस्ट' वाय-फायवर आहे. गेस्ट नेटवर्क मुळात पाहुण्यांना आतली यंत्रं दिसू नयेत म्हणूनच असतं.

आणि एक कारण आपल्याकडच्या घरांत, लहान ऑफिसांत फार आढळतं, ते म्हणजे दोन राउटर. फायबरवाल्याने बसवलेल्या पेटीचं स्वतःचं वाय-फाय असतं, रेंज पोचत नाही म्हणून पुढे दुसरा राउटर लावलेला असतो. काही यंत्रांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते मिळतात, काहींना १९२.१६८.० ने. इंटरनेट सगळ्यांना मिळतं, म्हणून नेटवर्क एकच वाटतं. प्रत्यक्षात ती दोन असतात. प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता कागदावर लिहून काढला की हे लगेच लक्षात येतं. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरशी भिडणार नाही असा बदला आणि पहिल्याकडून आलेली केबल वॅनऐवजी लॅनच्या खाचेत लावा.

दिसतं, पण आत घेत नाही

इथे सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो, कारण पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो.

सर्व्हर विंडोज असेल तर पिन चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करणाऱ्या अनेकांना तो आठवतही नसतो. पासवर्डच नसलेलं स्थानिक खातंही बाहेरून घेतलं जात नाही. सरळ मार्ग म्हणजे विंडोजवर फक्त शेअरिंगसाठी एक स्थानिक खातं काढायचं, मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय, इंग्रजी अक्षरांतलं छोटं नाव आणि पक्का पासवर्ड देऊन, आणि मॅक-लिनक्सवरून त्याच नावाने यायचं.

सर्व्हर मॅक असेल तर फाइल शेअरिंग चालू करणं पुरेसं नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, मग शेअरिंग, फाइल शेअरिंगच्या माहितीच्या बटणातून ऑप्शन्स उघडा. तिथे 'विंडोज फाइल शेअरिंग' या शीर्षकाखाली खात्यांची यादी असते. ज्या खात्याने विंडोजवरून यायचं आहे त्यापुढे खूण करून पासवर्ड द्यावा लागतो, कारण विंडोजला लागणाऱ्या पद्धतीसाठी मॅकला तो वेगळ्या रूपात साठवावा लागतो. ही खूण नसेल तर मॅकवरून मॅकवर जाता येतं आणि विंडोजला मात्र नकार मिळतो.

सर्व्हर लिनक्स असेल तर लक्षात ठेवा की सांबाची पासवर्डांची वही वेगळी आहे. लिनक्समध्ये लॉगिन करायचा पासवर्ड सांबाला माहीत नसतो. एसएमबीपासडब्ल्यूडी या आदेशाने, वापरकर्ता जोडायचा पर्याय वापरून, तो एकदा नोंदवावा लागतो. आणि त्या नावाचं लिनक्स खातं आधीपासून असावं लागतं.

विंडोज कधीकधी वापरकर्त्याच्या नावापुढे परस्पर आपल्याच यंत्राचं नाव जोडून पाठवतं. नाव टाकताना सर्व्हरचं नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग वापरकर्ता असं पूर्ण लिहिलं की तो घोळ टळतो. एकाच सर्व्हरवर एका नावाने शिरल्यावर दुसऱ्या नावाने जायचा प्रयत्न केला तर विंडोज त्रुटी १२१९ देतं. तेव्हा नेट यूज या आदेशाने जुन्या जोडण्या तोडा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधून त्या सर्व्हरची जुनी नोंद पुसा. पासवर्ड बदलल्यावर येणाऱ्या नकारांमागेही ही शिळी नोंदच असते.

२०२४ च्या विंडोज ११, २४एच२ आवृत्तीने यात भर घातली. प्रो आवृत्तीत आता एसएमबी संदेशांवर सही (ते वाटेत बदललेले नाहीत याची डिजिटल खूण) असणं बंधनकारक आहे आणि पासवर्डाविना 'गेस्ट' म्हणून कुठे शिरायला मनाई आहे. वर्षानुवर्षं विनापासवर्ड चालणारी एनएएस अपडेटनंतर अचानक बंद पडते ती यामुळे. पडद्यावर संदेश येतो की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणाने गेस्ट प्रवेश रोखला आहे. घरचा माणूस चक्रावतो, कारण संस्था वगैरे काही नसतेच. सही आणि गेस्टची ही बंधनं काढायचे उपाय सापडतात, पण ते करू नका. एनएएसवर पासवर्डसह वापरकर्ता काढा आणि तिचं फर्मवेअर अद्ययावत करा.

आत घेतं, पण लिहू देत नाही

विंडोजवर परवानगी दोन ठिकाणी असते: 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मध्ये शेअरची आणि 'सिक्युरिटी' टॅबमध्ये फाइलसिस्टिमची, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची. दोहोंतली कडक असेल ती लागू होते. शेअर पूर्ण खुलं आणि सिक्युरिटीत फक्त वाचायची मुभा, तर वाचायचीच मुभा मिळते. सोय म्हणून शेअरवर लिहायची परवानगी द्यावी आणि खरा बंदोबस्त सिक्युरिटी टॅबमध्ये करावा, म्हणजे बघायची जागा एकच राहते.

लिनक्सवर सांबाने 'लिही' म्हटलं तरी फोल्डरच्या मालकीने 'नाही' म्हटलं तर नाहीच. बहुतेक ठिकाणी दिसणारं लक्षण असं: एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला उघडता येते, बदलता येत नाही. उपाय म्हणजे सगळ्यांचा एक गट करायचा, फोल्डर त्या गटाच्या मालकीचं करायचं आणि सांबाच्या सेटिंग्जच्या फाइलीत त्या शेअरखाली रीड ओन्लीला नो, फोर्स ग्रुपला गटाचं नाव, क्रिएट मास्कला ०६६४ आणि डिरेक्टरी मास्कला २७७५ द्यायचं. मास्क फक्त परवानगीची मर्यादा ठरवतो, म्हणून तेच आकडे फोर्स क्रिएट मोड आणि फोर्स डिरेक्टरी मोडलाही द्या. २७७५ मधल्या २ मुळे नवीन उपफोल्डरही त्याच गटाचं राहतं. बदल केल्यावर टेस्टपार्म हा आदेश चालवून ओळी तपासा. फेडोरावर हे सगळं बरोबर असूनही नकार आला तर एसईलिनक्स ही लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा बघा. फोल्डरला सांबा_शेअर_टी ही खूणचिठ्ठी लागते.

एक गोष्ट जपून करा: एकच फोल्डर एसएमबीनेही आणि एनएफएसनेही वाटू नका. फाइल कोणी उघडली आहे याची कुलपं विंडोज ज्या तऱ्हेने घालतं, ती एनएफएसवरून किंवा थेट सर्व्हरवर बसून काम करणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमला सहसा दिसत नाहीत. दोघं एकाच वेळी त्याच तक्त्यात लिहितात, आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच काम उरतं.

मॅकने शेअरवर सोडलेल्या डीएस_स्टोअर फाइली पुसल्या तरी चालतात, त्यात फक्त खिडकीची मांडणी असते. टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणाऱ्या फाइली मात्र सरसकट पुसू नका. काही डिझाइन फाइली आणि जुने फॉन्ट यांचा महत्त्वाचा भाग त्यात असतो. सांबाच्या व्हीएफएस ऑब्जेक्ट्स या ओळीत काटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स_एक्सॅटर ही नावं याच क्रमाने दिली की मॅकची ही माहिती बरीचशी वेगळ्या फाइलींऐवजी मूळ फाइलीलाच जोडून साठवली जाते.

नावं बिघडतात

विंडोजला नावात < > : " / \ | ? * ही नऊ चिन्हं चालत नाहीत. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा चालत नाही. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल अशी काही जुनी नावंही राखीव आहेत. मॅकवर मात्र 'बिल १२/०४' असं नाव फाइंडर आनंदाने घेतो. शेअरवर गेल्यावर त्या तिरप्या रेघेच्या जागी यूनिकोडच्या खासगी पट्ट्यातलं चिन्ह बसतं आणि विंडोजवर तिथे चौकोन किंवा ठिपका दिसतो. लिनक्सवर थेट केलेल्या नावात कोलन असेल तर सांबा विंडोजला ~ हे लहरी चिन्ह असलेलं तोडकं आठ अक्षरी नाव दाखवतं. तारीख लिहिताना आडवी रेघ वापरा, २०२५-०४-१२ अशी. या क्रमाने यादीही आपोआप तारीखवार लागते.

इंग्रजीत लहान-मोठ्या अक्षरांचाही घोळ होतो, कारण लिनक्सला ती वेगळी आणि विंडोजला एकच वाटतात. देवनागरीत तो प्रश्नच नाही. पण देवनागरीचे स्वतःचे दोन प्रश्न आहेत, आणि मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येक ऑफिसाला ते माहीत असायला हवेत.

पहिला लांबीचा. विंडोजवर एका नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची आहे, लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर २५५ बाइटची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांवर येते, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'कर्मचाऱ्यांचे' हा एकच शब्द १३ चिन्हं आणि ३९ बाइटचा आहे. विंडोजवर बिनतक्रार राहिलेलं परिपत्रकाचं लांबलचक नाव एनएएसवर कॉपी होत नाही ते यामुळे. काही एनएएसच्या एनक्रिप्टेड फोल्डरात तर मर्यादा १४३ बाइटची, म्हणजे ४७ चिन्हांची असते. शिवाय विंडोजच्या फाइल एक्सप्लोररला पूर्ण मार्ग साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो.

दुसरा प्रश्न 'ऱ' चा. शेतकऱ्यांची यादी, तिसऱ्या तिमाहीचा हिशेब, नोकऱ्यांचे अर्ज: हे अक्षर मराठीत जागोजागी आहे. यूनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येतं. एक, एकसंध चिन्ह, क्रमांक ०९३१. दुसरा, साधा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब), अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबून एकसंध चिन्ह येतं. पण मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम अशी नावं सुटी करूनच साठवते. नवी एपीएफएस आहे तसं ठेवते आणि दोन्ही रूपं एक मानते. विंडोज आणि लिनक्स असं काही मानत नाहीत, त्यांच्या लेखी ती दोन नावं आहेत.

गडबड होते ती फाइल आडवाटेने सर्व्हरवर गेली की. जुन्या मॅक डिस्कवरून लिनक्स सर्व्हरवर थेट किंवा आरसिंक या साधनाने कॉपी केलेल्या फाइलींत सुटा 'ऱ' तसाच जातो. नंतर मॅकवरून एसएमबीने ते फोल्डर उघडलं की नाव यादीत दिसतं, पण फाइल मागताना मॅक नावातला 'ऱ' एकसंध करून पाठवतो, आणि सर्व्हर अशी फाइल नाही म्हणतो. विंडोजवर ती क्लिकने उघडते, पण एक्सेलमध्ये हाताने टाकलेला दुवा चालत नाही, आणि एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी दिसू लागतात. ठळक खूण अशी की इंग्रजी नावांच्या आणि 'ऱ' नसलेल्या मराठी नावांच्या फाइली बिनदिक्कत उघडतात.

खात्री करायची तर लिनक्सच्या टर्मिनलवर नावांची यादी हेक्सडंप या बाइट दाखवणाऱ्या आदेशातून बघा. एकसंध 'ऱ' तिथे ई० ए४ बी१ असा दिसतो. सुटा असेल तर ई० ए४ बी० आणि त्यामागे ई० ए४ बीसी. दुरुस्तीसाठी कॉन्व्हएमव्ही हे साधन आहे: मूळ आणि नवं दोन्ही एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगायचं, रूप एनएफसी (जोडलेलं) मागायचं आणि उपफोल्डरांसकट चालवायचं. ते आपणहून काही बदलत नाही, काय बदलेल तेवढं दाखवतं. यादी वाचून, बॅकअप घेऊन, मगच 'नोटेस्ट' हा पर्याय जोडून पुन्हा चालवायचं. पुढच्या वेळी एचएफएस प्लस डिस्कवरून आरसिंक करताना आयकॉन्व्हचा पर्याय द्या, यूटीएफ-८-मॅकमधून यूटीएफ-८ मध्ये. त्यासाठी आरसिंकची ३ किंवा पुढची आवृत्ती वेगळी टाकावी लागते, मॅकसोबत येणारं चालत नाही.

कॉन्व्हएमव्हीनेही न सुटणारी दोन रूपं आहेत. काही टायपिंग पद्धती 'ऱ्या' लिहिताना साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. 'ॲडव्हान्स' मधला 'ॲ' कोणी एकाच चिन्हाने लिहितं, कोणी 'अ' वर चंद्र देऊन. ही रूपं यूनिकोडच्या नियमांनी एकमेकांशी जोडलेलीच नाहीत, म्हणून कुठलंही साधन ती आपोआप एक करत नाही. ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांवर एकच मराठी कळफलक बसवावा लागतो, आणि आधीच साठलेली नावं शोधून हाताने बदलावी लागतात.